फोर-बाय-फोर ट्रकची बांधणी: लिफ्ट किती करायची, ड्राइव्हलाइनमध्ये (इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या भागांत) काय बदलायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवात कुठून करू, लिफ्टपासून (गाडी उंच करण्यापासून) की टायरपासून?

टायरपासून. "चार इंची किट आणलंय, आता कोणता टायर बसेल?" असं विचारणारे खूप भेटतात. त्यांची वरात घोड्याच्या पुढे निघालेली असते. गाडी कुठे आणि कशी चालणार, त्यासाठी किती मोठा टायर लागणार, हे आधी ठरवा. मग तो टायर बॉडीला न घासता पूर्ण वर दबू शकेल आणि पूर्ण वळू शकेल, एवढीच लिफ्ट करा. लिफ्टचा आकडा हा सगळ्या हिशोबाचं उत्तर असतो. तो सुरुवातीलाच धरून बसलात, तर पुढचा प्रत्येक भाग त्या आकड्याचे नखरे सांभाळण्यासाठी विकत घ्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट. दोन्ही चाकं एकाच सलग हाउसिंगवर (लोखंडी कवचावर) असतील, तर सस्पेन्शन लिफ्टने डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटणारा गिअरचा संच) जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जात नाही. चॅसी वर जाते, बॉडी वर जाते, हाउसिंग आहे तिथेच राहतं. सलग अ‍ॅक्सलच्या गाडीत ते फक्त मोठ्या टायरने वर जातं, तेही टायरच्या व्यासात जेवढी वाढ झाली तिच्या निम्म्याने. ३१ इंचांवरून ३५ वर गेलात तर डिफरन्शियलखाली २ इंच मिळाले. दगडावर आपटतं ते बहुतेक वेळा डिफरन्शियलच, त्यामुळे हे २ इंच सोन्याचे.

टायरवर २६५/७५ आर १६ असं लिहिलेलं असतं. त्याचे इंच कसे काढायचे?

पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे तो, तिसरा रिमचा व्यास इंचांत. २६५ चे ७५ टक्के म्हणजे १९८.७५. भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून ३९७.५. त्यात १६ इंचांचे ४०६.४ मिळवले की ८०४ मिलिमीटर, म्हणजे साधारण ३१.७ इंच. याच रीतीने २८५/७५ आर १६ चे ३२.८ इंच येतात आणि ३१५/७५ आर १६ चे ३४.६. लोक त्यांना सर्रास ३३ आणि ३५ म्हणतात. गाडी उभी राहिली की वजनाने टायर आणखी थोडा दबतो, त्यामुळे छापील आकड्यावर मिलिमीटरपर्यंत विसंबू नका.

मग लिफ्ट नेमकी किती करायची?

सर्व गाड्यांना लागू पडेल असा आकडा नाही, मोजायची पद्धत मात्र आहे. स्प्रिंग काढा, शॉकअ‍ॅब्झॉर्बर सोडा, जॅकने अ‍ॅक्सल हळूहळू वर आणा. एका बाजूचं चाक पूर्ण वर आणि दुसरं पूर्ण खाली, असं तिरकंही करून बघा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. हवा तो टायर एखाद्या मित्राकडून तासाभरासाठी मागून आणला तर उत्तमच. टायर कुठे लागतोय ते खडूने खुणावून ठेवा. मग ठरवा: तो भाग कापता येईल, आत वळवता येईल, की बंप स्टॉप (चाकाला वर अडवणारा रबरी ठोकळा) लांब करून चाक तिथपर्यंत पोचूच द्यायचं नाही?

माझा कौल नेहमी कमी लिफ्ट आणि जास्त कापाकापी याच बाजूने असतो. फेंडरची कड थोडी छाटली, बंपरचा कोपरा बदलला, तर जे काम चार इंच लिफ्टने व्हायचं ते दोन-अडीच इंचांत होतं. गुरुत्वमध्य खाली राहतो, आडव्या उतारावर पोटात गोळा येत नाही, आणि ड्राइव्हलाइनच्या कोनांची निम्मी डोकेदुखी सुरूच होत नाही.

बॉडी लिफ्ट आणि सस्पेन्शन लिफ्ट यांत फरक काय?

बॉडी लिफ्टमध्ये चॅसी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालतात. अ‍ॅक्सल, स्प्रिंग, प्रोपेलर शाफ्ट (अ‍ॅक्सलकडे जोर नेणारा लांब फिरता दांडा) जागच्या जागी, म्हणून कोन बदलत नाहीत. एक इंचाच्या आसपासची बॉडी लिफ्ट मला अजिबात वाईट वाटत नाही, उलट बऱ्याच जुळण्यांमध्ये ती शहाणपणाची ठरते. त्याहून वर गेलं की स्टिअरिंगचा दांडा, गिअर लिव्हरची जोडणी, इंधन भरायची नळी, रेडिएटरच्या पंख्याचं आवरण अशी एकेक गोष्ट ताणू लागते. बंपर आणि बॉडीमधली फटही विचित्र दिसते.

पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत लिफ्ट कशी करतात? ठोकळे चालतात का?

नवे, जास्त कमानीचे पाटे हा सरळ मार्ग. जुन्या पाट्यांत एखादं जादा पान घालणं हा स्वस्त मार्ग. उंची मिळते, पण गाडी कडक होते. लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी कडी) लावली तर जेवढी लांबी वाढवली तिच्या निम्मीच उंची पदरात पडते, आणि पुढच्या अ‍ॅक्सलला लावलीत तर कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) बिघडतो. अ‍ॅक्सल पाट्यांच्या वर असलेल्या गाड्यांत पाटे उचलून अ‍ॅक्सलच्या वर बसवतात. त्याने एका फटक्यात पाच-सहा इंच मिळतात, पण स्टिअरिंगपासून शाफ्टपर्यंत सगळंच नव्याने मांडावं लागतं.

ठोकळे पुढच्या अ‍ॅक्सलला कधीही नाहीत. ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्हींचे जोर तिथे येतात, आणि ठोकळा निसटला तर पुढचं काही आपल्या हातात राहत नाही. मागे छोटा ठोकळा चालतो. उंच ठोकळ्याने मात्र अ‍ॅक्सल आणि पाटे यांच्यातली तरफ लांबते, जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे पिळतात आणि पिनियनचं (डिफरन्शियलमध्ये शाफ्टचा जोर घेणाऱ्या लहान गिअरचं) नाक वर उसळतं. क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातले फुलीच्या आकाराचे तुकडे) तुटतात ते असेच. एकावर एक ठोकळे रचणं तर सरळ जिवाशी खेळ. आणि पाट्यांना आवळून धरणारे यू-बोल्ट एकदा काढले की नवेच घालायचे, जुने परत आवळायचे नाहीत.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होणारं) आहे. किती लिफ्ट झेपेल?

अशा गाडीत मर्यादा घालतो तो चाकाकडे जाणाऱ्या हाफ शाफ्टचा सीव्ही जॉइंट (कोनातही एकसारखा वेग देणारा सांधा). डिफरन्शियल चॅसीला पक्कं बसवलेलं, चाक खाली गेलेलं, म्हणजे कोन वाढलाच. बहुतेक गाड्यांत दोन, फार तर तीन इंचांपर्यंत सांधा तक्रार करत नाही. त्यापुढे रबरी बूट घड्यांवर घासून फाटतो, ग्रीस उडून जातं, धूळ आत शिरते आणि वळणावर कटकट आवाज सुरू होतो. मूळच्या वरच्या आर्मचा (चाक चॅसीला जोडणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंटही याच सुमारास आपल्या टोकाला टेकतो. म्हणून दोन इंचांच्या वर जाताना कॅस्टर भरून काढणारे नवे वरचे आर्म बजेटमध्ये धराच.

स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेल्या खांबाच्या) डोक्यावर घालायच्या स्पेसरबद्दल (उंची देणाऱ्या चकतीबद्दल) एक गैरसमज नेहमी दिसतो. एक इंचाचा स्पेसर चाकापाशी साधारण दोन इंच उंची देतो, कारण स्ट्रट आर्मच्या मधोमध कुठेतरी टेकलेला असतो आणि चाक टोकाला. दोन इंची लिफ्ट हवी म्हणून दोन इंचांचा स्पेसर घातला की सांधे पहिल्याच दिवशी हात वर करतात.

चार ते सहा इंचांची किट डिफरन्शियल आणि आर्म दोन्ही कंसांवर खाली आणतात. कोन सुधारतात, पण जमिनीपासूनची बरीचशी कमाई त्या कंसांतच परत जाते. उंच दिसणारी, मोठा टायर घालणारी गाडी हवी असेल तर ठीक. दगडांत उतरायचं असेल तर मी तो मार्ग घेणार नाही.

पुढे सलग अ‍ॅक्सल आहे. लिफ्टनंतर गाडी रस्त्यावर भिरभिरते, असं का?

कॅस्टर कमी झाला म्हणून. आर्म खाली झुकले की अ‍ॅक्सल फिरतो आणि स्टिअरिंगची आपोआप सरळ होण्याची सवय जाते. आर्मची लांबी बदलून किंवा ऑफसेट बुश घालून कॅस्टर परत आणता येतो. गोम अशी की कॅस्टर वाढवायला हाउसिंग फिरवलं की पिनियनचं नाक खाली जातं आणि पुढच्या शाफ्टचा कोन वाढतो. दोघांना एकाच वेळी खूश ठेवता येत नाही. लिफ्ट जास्त असेल तर शेवटचा उपाय म्हणजे हाउसिंगच्या टोकांचे नकल (ज्यांवर चाक वळतं ते भाग) कापून, फिरवून पुन्हा वेल्ड करणं. ते काम घरच्या अंगणात करायचं नाही.

हाउसिंगला बाजूला सरकू न देणाऱ्या आडव्या पॅनहार्ड रॉडकडेही बघा. समजा रॉड ८०० मिलिमीटर लांब आहे आणि त्याच्या दोन टोकांच्या उंचीत मुळात ५० मिलिमीटरचा फरक होता. १०० मिलिमीटर लिफ्टनंतर तो १५० झाला. एवढ्याने अ‍ॅक्सल सुमारे १२ ते १३ मिलिमीटर बाजूला सरकतो, रॉड चॅसीला ज्या बाजूला बांधलाय त्या बाजूला. कमीजास्त करता येणारा रॉड घेतला की अ‍ॅक्सल मध्यावर येतो. मात्र पॅनहार्ड रॉड आणि स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) एकमेकांना समांतर राहिले पाहिजेत. एकाचाच कंस बदललात तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपल्या मनाने वळेल.

प्रोपेलर शाफ्टच्या कोनाचं एवढं काय?

इथे थोडं थांबू, कारण लिफ्टनंतरच्या निम्म्याअधिक तक्रारींचं मूळ इथेच असतं.

साधा क्रॉसवाला सांधा कोनात फिरताना वेग एकसारखा पुढे देत नाही. सोळाव्या शतकातल्या जेरोलामो कार्दानो या इटालियन विद्वानाचं नाव त्याला चिकटलं, पण त्याचा हा दोष पुढच्या गाड्यांपर्यंत तसाच आला. शाफ्टच्या प्रत्येक फेरीत पलीकडचा वेग दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. १० अंशांच्या कोनाला हा चढउतार दोन्हीकडे दीड टक्का असतो, २० अंशांना सहा टक्क्यांच्या आसपास, ३० अंशांना पंधरा. कोन तिप्पट झाला की थरथर दहापट, असा हा चढता हिशोब आहे.

म्हणून शाफ्टच्या दोन टोकांना दोन सांधे देतात आणि एकाची चूक दुसऱ्याकडून पुसून घेतात. त्यासाठी तीन अटी. ट्रान्स्फर केसचा (पुढे-मागे जोर वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचा) बाहेर येणारा दांडा आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत, दोन्ही सांध्यांचे कोन जवळपास सारखे हवेत, एक अंशाच्या आत, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत हवेत. स्प्लाइनवर (शाफ्टच्या दातेरी सरकत्या जोडावर) शाफ्ट एक दात चुकवून बसवला तरी तिसरी अट मोडते. मी स्वतः एकदा ही चूक केली आणि दोन आठवडे टायर बॅलन्स करत बसलो.

लांबीचा परिणाम पाहा. दोन टोकांच्या उंचीत ६० मिलिमीटर फरक आहे असं धरा. आडवं अंतर १३०० मिलिमीटर असेल तर कोन २.६ अंश; १०० मिलिमीटर लिफ्टनंतर ७ अंश. तेच अंतर ५०० मिलिमीटर असेल तर ७ अंशांवरून एकदम पावणेअठरा. लांब पिकअपला जी लिफ्ट सहज पचते, ती आखूड व्हीलबेसच्या गाडीला अजीर्ण होते, त्याचं कारण हे. महामार्गाच्या वेगाने रोज पळणाऱ्या सांध्याचा कोन तीन अंशांच्या आसपास असणं सर्वांत चांगलं. अगदी शून्यही नको: सुयांचे बेअरिंग हललेच नाहीत तर एकाच जागी खड्डे पाडतात.

डबल कार्डन शाफ्ट कधी लागतो? आणि स्लिप योक काढायचा म्हणजे काय?

डबल कार्डनमध्ये ट्रान्स्फर केसच्या टोकाला दोन क्रॉस जोडून बसवलेले असतात. ते कोन आपसांत वाटून घेतात आणि आपली चूक तिथल्या तिथे जिरवतात. त्यामुळे इथे समांतरचा नियम नाही. पिनियनचं नाक थेट ट्रान्स्फर केसच्या दांड्याकडे रोखायचं, म्हणजे खालच्या सांध्याला जवळजवळ कोनच उरत नाही. मागे पाटे असतील तर पिनियन त्या रेषेहून एक-दोन अंश खाली ठेवतात, कारण जोर लागला की ते उसळतं.

काही ट्रान्स्फर केसमध्ये शाफ्टचा योक सरळ आत सरकतो. त्यामुळे मागचा शाफ्ट मुळातच आखूड होतो आणि त्या जागी डबल कार्डन बसत नाही. योकच्या जागी पक्का फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) देणारं रूपांतर किट मिळतं. सरकण्याची स्प्लाइन मग शाफ्टच्या अंगात जाते. आखूड गाडीत तीन इंचांच्या पुढे जाणार असाल तर हे काम मी ऐच्छिक मानत नाही. ट्रान्स्फर केस ठोकळ्यांवर खाली उतरवून कोन वाचवता येतो, खरं आहे, पण लिफ्ट करून पोटच खाली आणायचं यात मला गंमत वाटत नाही. तात्पुरता इलाज म्हणून चालेल.

पिनियन खूप वर वळवलात तर त्याच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत तेल नीट पोचत नाही. अशा वेळी तेलाची पातळी थोडी वाढवून ठेवतात.

नवा शाफ्ट कधी मापून घ्यायचा?

सगळ्यात शेवटी. स्प्रिंगा बसल्या, बंपर-विंच चढले, गाडी स्वतःच्या वजनावर काही दिवस फिरली, पिनियनचा कोन पक्का झाला, की मग. मापताना गाडी चाकांवर उभी हवी. स्प्लाइन तेव्हा साधारण मध्यावर असावी: चाकं पूर्ण लोंबली तरी पुरेशी अडकलेली, आणि पूर्ण दबली तरी निदान २५ मिलिमीटर जागा शिल्लक. ही जागा संपली तर शाफ्ट हातोड्यासारखा ट्रान्स्फर केसवर आदळतो.

दोन तुकड्यांचा शाफ्ट आहे आणि गाडी निघताना हादरते.

मधल्या सेंटर बेअरिंगचा कोन बिघडलाय. त्याच्या कंसाखाली योग्य जाडीचा स्पेसर घालून ते थोडं खाली घेतलं की बहुतेक वेळा हादरा जातो.

मोठा टायर घातला. क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली मोठ्या आणि लहान गिअरची जोडी) बदलायलाच हवेत का?

टायर दहा टक्क्यांहून जास्त वाढला असेल तर माझं उत्तर हो. सूत्र सोपं: जुना रेशो (क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात) गुणिले नवा व्यास, भागिले जुना व्यास. ३.७३ रेशो आणि ३१ वरून ३५ इंच असेल तर ४.२१ येतात. कागदावर ४.१० जवळचा वाटतो, पण मोठा टायर जडही असतो आणि वाराही जास्त खातो, म्हणून ४.५६ कडे झुकणं बरं. न बदलता चालवलं तर वरचा गिअर शोभेला राहतो, क्लच झिजतो, ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचं तेल तापतं.

इंजिनाचे फेरे बघायचे असतील तर किलोमीटरमधला वेग गुणिले एकूण रेशो गुणिले २०९, भागिले टायरचे इंच. टॉप गिअर एकास एक धरला तर ताशी १०० ला ३.७३ आणि ३१ इंचांवर सुमारे २५१५ फेरे होतात. फक्त टायर ३५ केला तर २२३०, आणि ४.५६ घातल्यावर २७२०. ओव्हरड्राइव्ह (एकाहून कमी रेशोचा वरचा गिअर) असेल तर त्याचा आकडाही गुणाकारात घ्या. स्पीडोमीटरही विसरू नका: याच बदलात तो १०० दाखवेल तेव्हा गाडी ११३ ने चाललेली असेल. रेशो बदलल्यावर तो हिशोब पुन्हा नव्याने.

मग सर्वांत मोठाच रेशो का घालू नये?

दातांची संख्या बघा. ३.७३ म्हणजे ४१ भागिले ११, ४.१० म्हणजे ४१ भागिले १०, ४.५६ म्हणजे ४१ भागिले ९, ४.८८ म्हणजे ३९ भागिले ८. रेशो वाढतो तसा पिनियन लहान होत जातो, एका वेळी कमी दात एकमेकांत गुंततात आणि ताकद घटते. खूप खोल रेशो हवा असेल तर मोठ्या क्राउनचा अ‍ॅक्सल शोधा. डाना कंपनीच्या मापांत क्राउनचा व्यास डाना ४४ मध्ये साडेआठ इंच असतो, डाना ६० मध्ये पावणेदहा. फरक हातात घेतल्यावर कळतो.

दगडांत हळू चालायचंय एवढाच हेतू असेल, तर ट्रान्स्फर केसचा लो रेशोही (हळू, जोरदार चालीचा) बदलता येतो. पहिला गिअर ४.०, लो २.७२ आणि अ‍ॅक्सल ४.१० यांचा गुणाकार ४४.६. लो ४.० आणि अ‍ॅक्सल ४.५६ केला तर तो ७३ होतो. महामार्गावर लो रेशो बदलल्याचा पत्ताही लागत नाही.

पुढे-मागे वेगळे रेशो चालतील?

नाही. पुढचा आणि मागचा दांडा ट्रान्स्फर केसमध्ये एकमेकांना बांधला की काहीतरी मोडेलच. चारही टायर एकाच मापाचे, हाही त्याच नियमाचा भाग.

लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधून फिरवणारं साधन) आत्ता घालू की नंतर?

क्राउन-पिनियनसाठी हाउसिंग उघडणारच असाल तर आत्ता. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक), बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब), दातांवरचा रंगाचा ठसा, हे सगळं काम दोन्हींना एकच असतं. दोनदा मजुरी का द्यायची? शिवाय काही गाड्यांत ठरावीक रेशोच्या पुढे कॅरिअरच (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) वेगळा लागतो, तेव्हा खरेदीआधी तपासा. रोज वापराच्या गाडीला बटणावर चालणारा लॉकर बरा. आपोआप लागणारा स्वस्त आणि भरवशाचा, पण ओल्या रस्त्यावर वळताना ढकलतो.

काय तुटेल ते आधी कसं ओळखायचं?

जोर नेहमी सर्वांत कच्च्या कडीला शोधतो. टायर वाढला, लॉकर आला, लो रेशो खोल झाला, तर अ‍ॅक्सल शाफ्ट आणि पुढच्या चाकांचे सांधे पहिल्या रांगेत. तिथे क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे) शाफ्ट घालणं योग्य. पण सगळंच पोलादी किल्ल्यासारखं करत सुटू नका. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस हा मी मुद्दाम फ्यूजसारखा ठेवतो: तुटला तर जंगलात अर्ध्या तासात बदलतो. क्राउनचा दात उडाला तर गाडी ओढूनच आणावी लागते.

किटवर तीन इंच लिहिलंय, गाडी दोनच इंच उचलली. फसवणूक?

बहुधा नाही. स्प्रिंगचा आकडा ठरावीक वजनासाठी असतो. लोखंडी बंपर आणि विंच लावून पुढे शंभर किलो टाकलेत तर ती उंची मिळणार नाही. विकत घेतानाच खरं वजन सांगा. गाडी वर्षभर रिकामी फिरणार असेल तर जड स्प्रिंग घेऊ नका, हाडं खिळखिळी होतील.

ब्रेक, दिवे, कायदा?

ब्रेकच्या नळ्या चाक पूर्ण लोंबलं तरी ताणू नयेत. मोठ्या टायरने थांबायचं अंतर वाढतं, ते आधी मोकळ्या जागेत अनुभवा. हेडलाइट खाली वळवा. लिफ्ट आणि टायरच्या मापावर तुमच्याकडे काय बंधनं आहेत, विम्याला हे कळवावं लागतं का, हे सुटे भाग मागवण्याआधी विचारून घ्या.

थरथर आहे, पण कुठून येते कळत नाही.

आधी पुढचा शाफ्ट काढून चालवून बघा. गेली तर दोषी तोच. फ्री-व्हीलिंग हब (चाक शाफ्टपासून सोडवता येणारे हब) असलेल्या गाडीत हब उघडे असताना पुढचा शाफ्ट फिरत नाही, त्यामुळे दोष महिनोन्‌महिने लपतो. कायम चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत ही सवलत नाही. शाफ्टच्या एका फेरीला एक ठोका असेल तर बॅलन्सचा प्रश्न, दोन असतील तर कोनाचा. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावरच येत असेल आणि सोडल्यावर जात असेल तर पिनियन उसळतोय.

काम झाल्यावर पहिल्या काही दिवसांत काय करायचं?

नव्या क्राउन-पिनियनला पहिले काही प्रवास छोटे द्या, पंधरा-वीस मिनिटं चालवून पूर्ण थंड होऊ द्या, ट्रेलर ओढू नका. ८०० किलोमीटरच्या आसपास डिफरन्शियलचं तेल बदला; त्यात बारीक चमकणारी भुकटी दिसेल, ती चालते, पण नखाला टोचेल असा कण दिसला तर हाउसिंग पुन्हा उघडा. त्याच वेळी यू-बोल्ट, आर्मचे बोल्ट आणि पॅनहार्ड रॉड टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. बुशचे बोल्ट आवळताना गाडी चाकांवर उभी असू द्या, जॅकवर नको.